१७ जिंकल्या, ६५ हरल्या, हाती पाचवा पिक : पोरांवर टीम उभी करायची म्हणजे नेमकं काय?

मिडरेंज

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगची २०२५ ची ड्राफ्ट लॉटरी होऊन दोन महिने झाले तरी राग जात नाही, म्हणून धागा काढतोय. (लॉटरी म्हणजे नवे खेळाडू कोणी कितव्या नंबरला निवडायचे याची सोडत. तो नंबर म्हणजे पिक, आणि जास्त हरलेल्या टीमला वरच्या पिकची शक्यता जास्त.) मी युटा जॅझवाला. २०२४-२५ मध्ये १७ जिंकल्या, ६५ हरल्या. फ्रँचायझीच्या इतिहासात इतकी वाईट टीम झाली नव्हती. हरणं ठरवून चाललंय हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आमच्या स्टार लाउरी मार्कानेनला खेळवायला हवं तेव्हा बसवून ठेवलं म्हणून मार्चमध्ये लीगने एक लाख डॉलरचा दंडही ठोकला. एवढं करून लॉटरीत आम्ही पाचवे. पहिला पिक गेला डॅलसला, ज्यांनी फेब्रुवारीत आपल्या हाताने आपला सुपरस्टार लुका डॉन्चिच देऊन टाकला होता आणि ज्यांची शक्यता होती १.८ टक्के. कूपर फ्लॅग तिकडे. आमच्या हाती धुपाटणं.

आता मूळ मुद्दा. २०२२ च्या उन्हाळ्यात गोबेअर आणि मिचेल या आमच्या दोन्ही स्टारना विकलं, तेव्हा मी खूश होतो. गोबेअरच्या बदल्यात चार पहिल्या फेरीचे पिक, मिचेलच्या बदल्यात तीन, शिवाय पिक अदलाबदलीचे हक्क, शिवाय मार्कानेन आणि वॉकर केसलर. पुढच्या तीन सीझनचे विजय बघा : ३७, ३१, १७. दरवर्षी खाली. म्हणे हा प्लॅन आहे. या उन्हाळ्यात सेक्स्टन गेला, कॉलिन्स गेला, क्लार्कसनला पैसे देऊन मोकळं केलं. उरला मार्कानेन आणि पोरं.

माझं म्हणणं एवढंच की पिक गोळा करणं म्हणजे टीम उभारणं नव्हे. वीस-एकवीस वर्षांचा पोरगा शेवटच्या पाच मिनिटांत बरोबरीत असलेल्या मॅचमध्ये शिकतो. तिसऱ्या क्वार्टरलाच ३० ने मागे असलेल्या मॅचमध्ये तो फक्त शॉट मारतो. डिफेन्सला कोणी हाक मारत नाही, चुकला तर कोणी ओरडत नाही, कारण ओरडणारे सगळे विकून झालेत. यावर तुमचं काय मत?

आकडेमोड

राग समजतो, पण लॉटरीबद्दलचं गाऱ्हाणं मान्य नाही. २०१९ पासून तळाच्या तिन्ही टीमना पहिल्या पिकची शक्यता सारखीच आहे, १४ टक्के. त्याआधी सगळ्यात वाईट टीमला २५ होती. आणि तळाची टीम थेट पाचव्यावर घसरण्याची शक्यता किती? ४७.९ टक्के. म्हणजे जवळजवळ नाणंच उडवायचं. तुमचं उलटं पडलं, बस. डेट्रॉइटचं २०२३ आणि २०२४ असं सलग दोनदा पडलं.

आणि प्लॅन नाही म्हणता, तर एक बारीक गोष्ट सांगतो. २०२१ मध्ये डेरिक फेव्हर्सचा पगार दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यासाठी युटाने ओक्लाहोमा सिटीला एक पहिल्या फेरीचा पिक दिला. तो २०२६ मध्ये पहिल्या आठात आला तरच युटाकडे राहतो, नाहीतर चॅम्पियन टीमला आयता मिळतो. म्हणजे येत्या सीझनमध्ये बरं खेळून तेरावं यायचं आणि पिकही घालवायचा? तुमच्या जीएमच्या (जनरल मॅनेजरच्या) खुर्चीत मी असतो तरी क्लार्कसनला सोडलंच असतं.

युटाच्या सॉल्ट लेक सिटीला फ्री एजन्सीत, म्हणजे करार संपलेला खेळाडू स्वतः टीम निवडतो तेव्हा, सुपरस्टार येत नाही. मोठा खेळाडू हवा तर ड्राफ्टमधूनच, आणि तो बहुतेक वेळा वरच्या पाचात असतो. जोकिचसारखा सुपरस्टार ४१वा मिळाला, यानिस १५वा मिळाला, हे सगळं खरं. पण ४१व्या पिकवर जोकिच मिळवणे याला प्लॅन म्हणत नाहीत.

निळा_पिस्टन

डेट्रॉइटचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं.

२०२३-२४. सुरुवात दोन विजय, एक पराभव. आम्ही म्हटलं, यंदा बरं दिसतंय. त्यानंतर सलग २८ हरलो. एका सीझनमधला लीगचा विक्रम. सत्ताविसाव्या पराभवात ब्रुकलिनविरुद्ध केड कनिंगहॅमने ४१ केले, तरी हरलो, आणि प्रेक्षक मालकाला टीम विका म्हणून ओरडत होते. अठ्ठाविसावी बॉस्टनविरुद्ध ओव्हरटाइममध्ये. मग ३० डिसेंबरला टोरोंटोला दोन पॉइंटने हरवलं, तेव्हा मी घरात एकटाच टाळ्या वाजवत होतो. शेवट १४-६८.

तर मिडरेंज म्हणतात ते मला पटतं, कारण मी ते रोज बघितलंय. टीममध्ये गुण नव्हते असं नाही. केड होता, ड्यूरेन होता, आयव्ही होता, ऑसार थॉम्पसन होता. पण केडच्या बाजूला शूटर नाहीत. त्याने पिक अँड रोलमध्ये (सहकाऱ्याच्या आडोशाने) आत घुसायचं तर पाचच्या पाच डिफेंडर बास्केटखालच्या रंगीत पट्ट्यात उभे. थॉम्पसनला कोपऱ्यात मोकळा सोडायचे, कोणी बघायचंसुद्धा नाही त्याच्याकडे. कोच मॉन्टी विल्यम्सला सहा वर्षांचा ७.८५ कोटी डॉलरचा करार दिला होता, आणि तो आयव्हीला बेंचवर ठेवून किलियन हेजला सुरुवातीला उतरवत होता. हेजला फेब्रुवारीत सोडून दिलं. कोचला सीझन संपल्यावर.

पुढच्या वर्षी टीमचा कारभार बघायला ट्रेजन लँगडन आला आणि त्याने काय केलं? एकही सुपरस्टार आणला नाही. टोबायस हॅरिस, मलिक बीझ्ली, टिम हार्डवे ज्युनियर. नवा कोच बिकरस्टाफ. बीझ्लीने बहुतेक मॅच बेंचवरून येऊन तीनशेच्या वर थ्री (तीन पॉइंटचे शॉट) मारले. ४४-३८. केड तोच, ड्यूरेन तोच. केडला आत जायला वाट मिळाली आणि तो ऑल-स्टार झाला. प्लेऑफमध्ये न्यू यॉर्ककडून सहा मॅचमध्ये हरलो, पण दुसरी मॅच त्यांच्याच घरात जिंकली तेव्हा २००८ नंतरचा आमचा पहिला प्लेऑफ विजय होता. सतरा वर्षं, राव.

कोपऱ्यातली_थ्री

+१ निळा_पिस्टन. आणि मलिक बीझ्ली हा गोबेअरच्या ट्रेडमध्ये युटालाच आला होता, हे मिडरेंजना आठवत असेलच 😀

मिडरेंज

आठवतंय हो ताई. मीठ चोळू नका.

आकडेमोड

निळा_पिस्टन, छान लिहिलंत. पण केड हा २०२१ चा पहिला पिक होता हे विसरून चालणार नाही. बीझ्ली आणि हॅरिस याआधी बऱ्याच टीममध्ये होते, तिथे कुणाचे विजय तिप्पट झाले नाहीत. आडात होतं म्हणून पोहऱ्यात आलं.

आणि मिडरेंजच्या "ओरडणारे सगळे विकून झालेत" या सिद्धांताला सगळ्यात मोठा अपवाद २०२५ चे चॅम्पियनच आहेत. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये अनुभवी अल हॉरफर्डला मार्चनंतर खेळवलंच नाही, घरी बसवला. त्या सीझनला २२-५०, पुढच्याला २४-५८. डिसेंबर २०२१ मध्ये मेम्फिसने त्यांना १५२-७९ हरवलं, ७३ पॉइंटने, लीगच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव. मग ४०, मग ५७, मग ६८ विजय आणि ट्रॉफी. पोरं बिघडली का? नाही.

मिडरेंज

हा प्रश्न यायचाच होता, म्हणून सविस्तर लिहितो.

ओक्लाहोमाच्या कहाणीतलं हरण्याचं प्रकरण सगळ्यांना पाठ आहे. पण सुरुवात कुठून झाली? जुलै २०१९. पॉल जॉर्जला क्लिपर्सना दिला आणि त्या बदल्यात पाच पहिल्या फेरीचे पिक, दोन अदलाबदली, गॅलिनारी आणि शै गिलजस-अलेक्झांडर. वेस्टब्रुकच्या बदल्यात ह्यूस्टनहून ख्रिस पॉल. सगळे म्हणाले आता ही टीम तळाला जाणार. प्रत्यक्षात त्या सीझनला त्यांनी ४४ मॅच जिंकल्या आणि ह्यूस्टनला सातव्या मॅचपर्यंत खेचलं. शैचं लीगमधलं दुसरं वर्ष, आणि बाजूला पूर्ण सीझन ख्रिस पॉल. क्लचमध्ये (अटीतटीच्या शेवटच्या मिनिटांत) बॉल कसा सांभाळायचा याची शिकवणी घरबसल्या. पॉल गेला तेव्हा शै शिकून तयार होता. म्हणजे हरायला सुरुवात केली तेव्हा टीमचा कणा ठरलेला होता. आधी शै, मग पराभव. आम्ही आधी पराभव करतोय आणि शै शोधतोय.

दुसरी गोष्ट. त्यांनी चेट होल्मग्रेन दुसऱ्या पिकवर घेतला, ठीक, तो हरण्याचा फायदा. पण जेलन विल्यम्स १२वा होता, आणि तो पिक क्लिपर्सकडून आलेला. म्हणजे तो मिळवायला ओक्लाहोमाला एकही मॅच हरावी लागली नाही! लू डॉर्ट ड्राफ्टच झाला नव्हता. एरन विगिन्स ५५वा. आयझाया जोला फिलाडेल्फियाने सोडून दिला, यांनी उचलला. कोच मार्क डेग्नॉल्ट हा त्यांच्याच जी लीग (एनबीएच्या खालची लीग) टीमचा, ओक्लाहोमा सिटी ब्लूचा कोच. वर आणि खाली एकच खेळ, एकच भाषा. पोरगा खाली जाऊन येतो तेव्हा शाळा बदलत नाही, फक्त वर्ग बदलतो. तुम्ही मोजताय २२ आणि २४ विजय. मी म्हणतोय त्या हरलेल्या मॅचमध्ये डॉर्ट दर रात्री समोरच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला अंगाला अंग लावून अडवत होता, ते मोजा.

आणि शेवटी त्यांनीही मोठी माणसं आणलीच की. २०२४ मध्ये जॉश गिडीला शिकागोला दिला आणि अलेक्स कॅरूसो घेतला, हार्टनस्टाइनला करार दिला. सहाव्या पिकवर घेतलेला आपला पोरगा देऊन तिशीतला डिफेंडर घेणं, बिनबोभाट, वर एकही पिक मागितला नाही. हे करायला छाती लागते.

बाकावरचा

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न, हसू नका. लोक सारखं म्हणतात की तरुण टीमला "खिडकी" असते आणि सेकंड एप्रनमुळे ती लवकर बंद होते. म्हणजे काय?

आकडेमोड

हसण्यासारखं काही नाही, अर्ध्या लोकांना हेच कळत नाही.

पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे असतो, चार वर्षांपर्यंत. कूपर फ्लॅग पहिला पिक, त्याचा पहिल्या वर्षीचा पगार साधारण १.४ कोटी डॉलर. आता शै बघा : नुकताच नवा करार झाला, चार वर्षांचे २८.५ कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला सरासरी सात कोटींच्या वर. पोरगा कोष्टकावर असताना स्टारसारखा खेळला की टीमला स्टार स्वस्तात मिळतो आणि उरलेल्या पैशात कॅरूसो, हार्टनस्टाइन परवडतात. तीच ती खिडकी. चेट आणि जेलनचेही पाच-पाच वर्षांचे मोठे करार याच जुलैत झाले. २०२६-२७ पासून ते सुरू होतील तेव्हा बिल येईल.

सेकंड एप्रन ही लीग आणि खेळाडूंच्या २०२३ च्या करारनाम्यातली पगाराची वरची रेघ. ती ओलांडली तर नुसता कर भरून सुटका नाही. ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र जोडता येत नाहीत, रोख रक्कम पाठवता येत नाही, सात वर्षांनंतरचा पिक गोठतो. पूर्वी श्रीमंत मालक पैसा ओतून चुका झाकायचा, आता हात बांधलेले. म्हणूनच स्वस्त आणि खेळणारी पोरं आज सोन्याच्या भावाची झाली आहेत, आणि म्हणूनच ओक्लाहोमाचा जीएम प्रेस्टी याने उरलेले पिक अजून खर्च केलेले नाहीत. दरवर्षी महागलेल्या दोघांच्या जागी स्वस्त दोघं लावायला.

बाकावरचा

कळलं. धन्यवाद.

प्रोसेस_पीडित

माझ्या आयडीवरून कळलंच असेल, फिलाडेल्फिया.

आमचा जीएम सॅम हिंकी, मुद्दाम हरून पिक जमवण्याच्या "प्रोसेस"चा जनक, २०१३ मध्ये आला, एप्रिल २०१६ मध्ये १३ पानी राजीनामा देऊन गेला. तीन सीझन : १९, १८ आणि १० विजय. मिळून ४७-१९९. पहिल्याच वर्षी मायकेल कार्टर-विल्यम्स रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) झाला, पुढच्या फेब्रुवारीत त्यालाही विकला. आम्ही त्यालाही टाळ्या वाजवल्या. पिकसाठी टाळ्या! घरी कॅलेंडरवर हरायच्या मॅचवर खुणा करणारे लोक होतो आम्ही.

लोक म्हणतात प्रोसेस फसली. मी म्हणतो निवड फसली, आणि ती हिंकी गेल्यावरही फसत राहिली. तीन वर्षांत तीन सेंटर : नोएल, एम्बीड, ओकाफोर. तिघांना एका वेळी कोर्टवर ठेवणार कसे? २०१५ मध्ये तिसऱ्यावर ओकाफोर घेतला, डेव्हिन बुकर १३ वर गेला. २०१७ मध्ये वर जाण्यासाठी बॉस्टनला पिक दिला आणि फुल्ट्झ घेतला, बॉस्टनने तिसऱ्यावर टेटम घेतला. एक ना धड भाराभर चिंध्या. एम्बीड पहिले दोन सीझन दुखापतीमुळे एक मिनिटही खेळला नाही, नंतर २०२३ चा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला. पण प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीच्या पुढे आम्ही एकदाही गेलो नाही. २०१९ मध्ये कवाय लेनर्डचा तो शॉट रिंगवर चार वेळा टप्पा खाऊन आत गेला, त्याबद्दल इथे कोणी बोलू नये ही विनंती.

कोपऱ्यातली_थ्री

प्रोसेस_पीडित, एक भर घालू? त्या १०-७२ च्या टीममध्ये एक रूकी होता, ड्राफ्ट न झालेला, टी. जे. मॅकॉनेल. दहा वर्षांनी, याच जूनमध्ये, इंडियानाकडून फायनल्समध्ये येऊन तो ओक्लाहोमाचे इनबाउंड (रेषेबाहेरून आत टाकलेले) पास चोरत होता. ७२ पराभवांतून शिकून निघालेला माणूस आहे की नाही?

आणि आता माझा मुद्दा, कारण मी इंडियानावाली आणि या धाग्यावर आमचं कोणी नावच घेत नाहीये. आम्ही तळ गाठलाच नाही. सगळ्यात वाईट वर्ष २०२१-२२, २५ विजय. त्या फेब्रुवारीत ऑल-स्टार साबोनिस सॅक्रामेंटोला देऊन दुसऱ्या वर्षातला हॅलिबर्टन घेतला. तो २०२० चा १२वा पिक. निळा_पिस्टन, सॉरी, पण त्याच ड्राफ्टमध्ये तुम्ही सातव्यावर हेज घेतला होतात. त्या उन्हाळ्यात मॅथुरिन सहावा, नेंबहार्ड ३१वा. मग ३५, ४७ विजय, कॉन्फरन्स फायनल, आणि २०२५ मध्ये फायनल्सची सातवी मॅच. मध्ये सिआकामसाठी तीन पहिल्या फेरीचे पिक बिनधास्त दिले, कारण पिक खेळत नाहीत, माणसं खेळतात.

सातव्या मॅचमध्ये हॅलिबर्टनचा अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) गेला, पहिल्याच क्वार्टरला. त्याच्यावर अजून लिहिवत नाही.

निळा_पिस्टन

हेजचं म्हणाल तर बरोबर आहे ताई, गप्प बसतो.

आकडेमोड

ताईंचं उदाहरण आवडलं, पण त्यात एक मेख आहे. हॅलिबर्टन विकणारी टीम समोर होती म्हणून ते जमलं. सॅक्रामेंटो २००६ नंतर एकदाही प्लेऑफला गेलं नव्हतं, १६ सीझन, लीगचा विक्रम. मालकाला प्लेऑफ आत्ता हवा होता. २०२३ मध्ये तो मिळाला, ४८ विजय, लोक आनंदाने रडले. आणि डिसेंबर २०२४ मध्ये तोच कोच काढला. अशी घाईत असलेली टीम दरवर्षी भेटत नाही. तरी तळाला गेलं की वरचा पिक येतोच असं नाही हेही कबूल. २०११-१२ ची शार्लट ७-५९, टक्केवारीने इतिहासातली सगळ्यात वाईट टीम, आणि अँथनी डेव्हिस गेला न्यू ऑर्लिन्सला.

मिडरेंज, आता तुम्हीच सांगा. समजा टीम तुमच्या हातात दिली. फेव्हर्सवाला पिक वाचवायचा आहे आणि पोरं बिघडू द्यायची नाहीत. काय कराल?

मिडरेंज

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी अवस्था आहे, पण करून बघतो.

मार्कानेनला विकणार नाही. तो बॉलशिवाय खेळतो, पोरांच्या हातातला बॉल काढून घेत नाही, आणि त्याच्यामागे एक डिफेंडर ओढला जातो. असा माणूस तरुण गार्डला सोन्यासारखा. आयझाया कॉलियर २९वा पिक, त्याने रूकी वर्षात जुन्या दिग्गज स्टॉकटनचा जॅझच्या रूकीचा असिस्टचा (बास्केट करून देणाऱ्या पासचा) विक्रम मोडला. पण त्याला थ्री येत नाही, म्हणजे त्याच्याभोवती चार शूटर हवेतच. कियांटे जॉर्ज बॉल हातात असला की रमतो, पण डिफेन्सला त्याला प्रत्येक स्क्रीनवर (समोरच्याने धरलेल्या आडोशावर) पकडतात. त्या दोघांना एकत्र खेळवायचं की आळीपाळीने, हे यंदा ठरवायचं. पुढे नाही ढकलायचं. एस बेली पाचवा पिक, १८ वर्षांचा, अवघड शॉट घालायची सवय. त्याला पहिल्या दिवसापासून ३५ मिनिटं आणि मोकळा परवाना दिला तर तोही २०-२५ हरलेल्या मॅचमध्ये सुंदर आकडे काढेल, आणि मला त्याचीच भीती वाटते. मिनिटं डिफेन्सवर कमवायला लावणार. परत धावला नाही तर बाहेर, स्कोअर काहीही असो.

आणि हो, हरायचंच असेल तर मार्चमध्ये हरा. नोव्हेंबरमध्ये नको. पहिल्या पन्नास मॅच खऱ्या खेळू द्या.

आकडेमोड

पहिल्या पन्नास मॅच खऱ्या खेळल्या आणि बावीस जिंकल्या तर? मग पिक ओक्लाहोमाला.

मिडरेंज

बावीस जिंकणारी पोरं असतील तर देईन हो पिक ओक्लाहोमाला. पेढ्यासकट.

प्रोसेस_पीडित

हे वाक्य कुठेतरी लिहून ठेवा, फेब्रुवारीत परत विचारतो 😀

निळा_पिस्टन

मिडरेंज, बेलीबद्दल एक विचारायचं होतं. समर लीगमध्ये बघितलात का? मी एकच मॅच पाहिली, त्यात तो दोनदा डिफेन्सला झोपला आणि एकदा मागून पळत येऊन असा ब्लॉक केला की मी उठून उभा राहिलो.

मिडरेंज

तोच ब्लॉक मी चार वेळा मागे घेऊन बघितला.